सम्राटांची मूळ पट्टी

"सिंहाची डरकाळी आणि कलावंताची पट्टी, या दोन गोष्टी मरेपर्यंत उतरत नसतात!" सम्राटांनी माइकवरून जाहीर केलं. डावा हात छातीवर ठेवला, उजवा छताकडे नेला आणि गाण्याचा ट्रॅक सुरू व्हायची वाट पाहत डोळे मिटून घेतले.

त्यांच्या मागच्या मोठ्या पडद्यावर गाण्याचे शब्द यायचे होते. त्याऐवजी निळ्या रंगावर पांढरी अक्षरं उमटली : 'कृपया थांबा. आपला संगणक पुन्हा सुरू होत आहे.'

वाचनालयाच्या तळघरातल्या त्या हॉलमध्ये कोणी हसलं नाही. तिथे जमणारी मंडळी अशा वयाची होती, की बंद पडलेली कुठलीही गोष्ट पुन्हा सुरू होतेय म्हटलं की ती अदबीने थांबत. सम्राटही थांबले. डोळे मिटलेले, हात छताकडे.

"अहो, हात खाली घ्या," कोपऱ्यातल्या टेबलामागून वहिनी म्हणाल्या. "वेळ लागेल."

"किती?"

"ते यंत्रालाच ठाऊक."

यंत्राला ठाऊक नव्हतं. निळा पडदा काळा झाला, काळा तो काळाच राहिला, आणि लॅपटॉपच्या पोटातून वर्षभर येत असलेली घरघर एकदम थांबली. ती इतक्या सवयीची झाली होती, की थांबली तेव्हाच सगळ्यांना ऐकू आली.

त्या शनिवारी लोक न गाताच घरी गेले. काहींच्या घरच्यांना बरं वाटलं असेल.

सम्राट म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त मीटर तपासनीस. 'सूरसम्राट' ही पदवी त्यांना कुठल्या संस्थेने दिली नव्हती. कार्यक्रमाचा फलक रंगवणाऱ्याने दिली होती. फलकावर जागा उरली होती आणि त्याच्याकडे लाल रंग उरला होता. तेव्हापासून दर शनिवारी सम्राट कराओकेचा कार्यक्रम चालवत. म्हणजे ते माइकवर बोलत, पहिलं गाणं स्वतः गात, प्रत्येक गायकाला 'आपल्या सगळ्यांच्या लाडक्या' असं म्हणून बोलावत. बाकीचं, म्हणजे लॅपटॉप, मिक्सर, वायरी, गाण्यांची रांग, कोणाचा आवाज किती उघडायचा आणि कोणाचा हळूच मिटायचा, हे सगळं वहिनी करत. वहिनी त्यांच्या पत्नी. उभा जन्म त्यांनी शाळेचे गणवेश शिवले होते. शिवणाच्या मशीनवरून उठून त्या थेट लॅपटॉपसमोर बसल्या, त्यात त्यांना फारसा फरक वाटला नाही. दोन्हीकडे नजर खाली ठेवायची, कान वर ठेवायचे आणि दुसऱ्याने मिरवायचं.

सम्राटांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, लग्नात होती तीच कंबर आजही आहे. दोन, लग्नात होती तीच पट्टी आजही आहे. तरुणपणी बसवलेलं एक गाणं ते दर शनिवारी पहिलं म्हणत. अंतऱ्यात वरचा एक लांब सूर होता. तो लागला की समोरच्या बायका एकमेकींकडे बघत आणि पुरुष बुटांच्या नाड्या बघत.

कंबरेचं खरं वहिनींना माहीत होतं. पँट शिवताना त्या शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडत. शिवणकामात त्याला माया म्हणतात. सम्राट आंघोळीला गेले की शिवण उसवायची, थोडी माया सोडायची, पुन्हा टीप मारायची. सम्राट आरशासमोर उभे राहून पोटावर थाप मारत आणि म्हणत, "बघ! जशीच्या तशी."

पट्टीचंही खरं वहिनींनाच माहीत होतं. खूप वर्षांपूर्वी एका शनिवारी सम्राटांना सर्दी झाली होती. तेवढ्यापुरतं म्हणून वहिनींनी लॅपटॉपवरचं एक बटण दाबलं आणि ट्रॅक अर्धा सूर खाली आणला. कोणाला कळलं नाही. लांब सूर लागला, टाळ्या झाल्या. सर्दी गेली, बटण तिथेच राहिलं. दोन-तीन वर्षांनी आणखी एकदा दाबलं. पुढे आणखी एकदा. आकडा फक्त वहिनींच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसे, मोठ्या पडद्यावर नाही. वय हे असंच उतरतं, कठडा धरून, एकेक पायरी. त्यात वाईट काही नाही.

पण या हिवाळ्यात पायऱ्या संपल्या आणि घसरगुंडी लागली. थंडी सुरू झाली तेव्हा एकदा दाबावं लागलं. पंधरा दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. बोलताना सम्राटांच्या आवाजात वाळू आली. "थंडी आहे," ते म्हणत. "थंडी आहे," वहिनीही म्हणत आणि बटण दाबत. मग थंडी गेली. वाळू राहिली. त्यानंतर दोघांनीही थंडीचं नाव काढलं नाही.

*

लॅपटॉपवाल्याचं दुकान चिंचोळं होतं आणि तो स्वतः रुंद. टक्कल, कपाळावर चढवलेला चष्मा, हातात बारीक पेचकस. त्याने मेलेला लॅपटॉप उलटा केला, पाठ उघडली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. असं न बोलणं डॉक्टर आणि मेकॅनिक या दोघांनाच येतं.

"आत कापूस आहे," शेवटी तो म्हणाला.

"कापूस?" सम्राट म्हणाले. "लॅपटॉपमध्ये?"

"हे खाली काय लावलं होतं?"

वहिनींनी पिशवीतून ती छोटी गादी काढली. बेताच्या आकाराची, चारी बाजूंनी टीप मारलेली, कोपऱ्यांना गोल वळण दिलेली. गादी म्हणून तिला नाव ठेवायला जागा नव्हती.

"मी शिवली," वहिनी म्हणाल्या. "तो घरघर करायचा. गाणाऱ्यांना त्रास नको म्हणून."

"किती दिवस घरघरत होता?"

"वर्ष तरी झालं असेल."

"मग तेव्हाच का नाही आणलात?"

"चालत होता ना!"

लॅपटॉपवाल्याने गादी उलटसुलट करून पाहिली. "काम सुरेख आहे, बाई. पण याची हवेची भोकं खाली असतात. तुम्ही तीच बुजवलीत. घरघर म्हणजे तो सांगत होता, मला गुदमरतंय. तुम्ही त्याला गादी शिवून दिलीत."

वहिनींच्या मानेवरून गार काहीतरी सरकलं. दुकानात एसी होता, हे खरं.

"जाऊ द्या हो!" सम्राट घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि खाकरले. खाकरल्यावरही आवाज तसाच राहिला. "गेला तो गेला. नवा दाखवा. कलावंताला शोभेल असा."

"कलावंत कोण? तुम्ही?"

"सूरसम्राट," सम्राट म्हणाले. हे सांगताना ते नेहमी किंचित बाजूला वळत, समोरच्याला चेहऱ्याची डावी बाजू दिसावी म्हणून.

लॅपटॉपवाल्याला संगीतातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे त्याने जे सांगितलं ते सगळं कामाचं निघालं. दिसायला देखणा लॅपटॉप घेऊ नका, पंखा शांत असलेला घ्या. एक पडदा तुमचा आणि एक लोकांचा, असे दोन चालले पाहिजेत. आवाज लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून काढू नका, बाहेरून जोडायचं साउंड कार्ड घ्या. नाहीतर खरखर येते, शिवाय गायकाचं तोंड आधी हलतं आणि सूर मागाहून येतो.

"आमच्या शनिवारच्या बँकवाल्या बाईंचं तसंच आहे," सम्राट म्हणाले. "त्यांना लॅपटॉपही लागत नाही."

"आणि कार्यक्रमाच्या लॅपटॉपवर दुसरं काही ठेवायचं नाही. फोटो नाहीत, पत्ते खेळणं नाही. इंटरनेट बंद. अपडेट काय करायचे ते सोमवारी, शनिवारी नाही."

लॅपटॉप ठरला. मग सॉफ्टवेअरची पाळी आली. लॅपटॉपवाल्याने दोन दाखवली.

पहिलं साधं होतं. गायकांची रांग लागे, पुढच्याचं नाव मोठ्या पडद्यावर येई, दोन गाण्यांच्या मध्ये आपोआप हलकं संगीत वाजे, म्हणजे माणसं खुर्च्या ओढतात तो आवाज झाकला जाई. पट्टी वर-खाली करता येई.

"किती वर-खाली केली, ते कुठे दिसतं?" वहिनींनी विचारलं.

"इथे. मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यात."

"ते बंद करता येतं?"

"नाही. कशाला करायचं? गाणाऱ्याला कळायला नको?"

"नको," वहिनी म्हणाल्या.

लॅपटॉपवाल्याने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. सम्राट तेवढ्यात हेडफोन लावून आरशात, म्हणजे दुकानाच्या काचेत, बघत होते.

"मग हे दुसरं घ्या," तो म्हणाला. "महाग आहे, पण झाकपाक उत्तम. बटण दाबायचीही कटकट नाही. माणूस गायला लागला की हे आपलं आपण ऐकतं, त्याचा आवाज कुठवर पोचतो ते ओळखतं आणि पट्टी लावतं. पुढच्या वेळी आवाज आणखी खाली गेला, तर हेही गुपचूप आणखी खाली जातं. कोणाला पत्ता लागत नाही."

"कोणालाच?"

"कोणालाच. तुम्हालासुद्धा."

हे तो कौतुकाने म्हणाला.

सम्राटांनी हेडफोन काढले. "गुण देतं का हे? गाणं झाल्यावर?"

"देतं की. शंभरपैकी. पट्टी स्वतःच जुळवून घेतं, त्यामुळे सगळ्यांना नव्वदच्या वरच मिळतात."

"हेच घ्यायचं," सम्राट म्हणाले. "यंत्र पारखी आहे."

वहिनी म्हणाल्या, "दोन्ही घालून द्या. घरी वापरून बघते. एक ठेवू."

"गुरुवारपर्यंत सांगा," लॅपटॉपवाला म्हणाला. "मग ज्याचे पैसे भरले नाहीत, ते आपोआप बंद पडेल."

निघताना त्याने जुना लॅपटॉप एका खोक्यात टाकला. खोक्यात असे बरेच होते. वहिनींनी गादी परत मागितली नाही.

*

दुसऱ्या दिवशी दंतवैद्य आले. शनिवारच्या नेहमीच्या गायकांपैकी ते एक; सम्राटांनी आवरलं नाही, तर एकामागून एक गाणी म्हणत आणि माइक सोडत नसत. आपलं गाणं नव्या लॅपटॉपवर आहे ना, एवढं बघायला आले होते. पुढच्या खोलीत वहिनींनी शिवणाच्या मशीनवर लॅपटॉप मांडला होता आणि वायर टीव्हीला जोडली होती, लोकांचा पडदा म्हणून. सम्राट न्हाणीघरात मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते. बंद दारातून तो आवाज येत होता. बराच वेळ येत होता.

"वहिनी," दंतवैद्य हळू आवाजात म्हणाले, "काल यांनी फोन केला तर मी ओळखलंच नाही. म्हटलं, नळदुरुस्तीवाला आहे. मी त्याला मोरीचा पत्तासुद्धा सांगितला."

"हवा बदलतेय," वहिनी म्हणाल्या.

"हवा बदलून किती दिवस झाले!" त्यांनी बशीतलं बिस्किट उचललं. "आता बघा, मी पडलो दाताचा डॉक्टर. पण घशाची वाट माझ्या दुकानावरूनच जाते. एखाद्याचा आवाज तीन-चार आठवडे बसलेला राहिला, सर्दी नाही, खोकला नाही, तर मी त्याच्या दाताला हात लावत नाही. म्हणतो, बाबा रे, आधी घसा दाखवून ये. उशीर झाला तर दात राहतील आणि तू जाशील."

न्हाणीघरातली गुळणी थांबली. खाकरणं ऐकू आलं. मग पुन्हा गुळणी.

"मग यांना...?" वहिनी म्हणाल्या.

"छे, छे! यांचं तसं नाही. मी परवा हाच विचार करत होतो. बोलताना घोगरे वाटतात खरे, पण गाताना? तो अंतऱ्यातला वरचा सूर! तोही मूळ पट्टीत! स्वरयंत्रावर काही बारीकसारीक जरी असतं ना, तरी तो सूर लागला नसता. लागणंच शक्य नाही. म्हणून मी निश्चिंत आहे. गाणं हेच यांचं सर्टिफिकेट." त्यांनी बिस्किट तोंडात टाकलं. "माझं गाणं आहे ना यात?"

"आहे," वहिनी म्हणाल्या.

दंतवैद्य गेल्यावर त्या तशाच बसून राहिल्या. एरवी पाहुणा गेला की त्या आधी बशी उचलत. आज बशी तिथेच होती. सर्टिफिकेट. म्हणजे इतके दिवस त्या बटण दाबत नव्हत्या. सही करत होत्या. दर शनिवारी, सगळ्यांसमोर, हा माणूस ठणठणीत आहे म्हणून. आणि वाचणाऱ्यांत एक डॉक्टरही होता.

लॅपटॉपवर दोन्ही सॉफ्टवेअरची चित्रं शेजारी शेजारी होती. दुसऱ्यावर बोट ठेवलं की पुढचं सगळं ते आपणहून करणार होतं. सम्राट गातील, नव्वदच्या वर गुण घेतील, पुढच्या महिन्यात आणखी खाली, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी खाली, आणि टाळ्या तेवढ्याच. मग एके दिवशी यंत्रालाही आणखी खाली जाता येणार नाही. तोपर्यंत कोणालाच पत्ता लागणार नाही. वहिनींनाही नाही. त्यांना ते क्षणभर फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली.

त्यांनी पहिलं उघडलं.

"काय, ठरलं का?" गळ्याभोवती पंचा गुंडाळून सम्राट बाहेर आले. "दंतवैद्य गेला वाटतं. बिस्किटंही गेली."

"एकदा म्हणून बघा. आवाज तपासायचाय."

"माझा?"

"यंत्राचा," वहिनी म्हणाल्या.

टीव्हीवर गाण्याचे पहिले शब्द आले. कोपऱ्यात पट्टीचा आकडा आला : शून्य. सम्राटांनी तो पाहिला नाही. त्यांनी पंचा खुर्चीवर टाकला, माइक घेतला, डावा हात छातीवर ठेवला. घरातही ते कार्यक्रमासारखेच उभे राहत.

मुखडा कसाबसा निभावला. दुसऱ्या ओळीला त्यांनी वहिनींकडे पाहिलं, जणू कोणी चालता चालता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. अंतरा आला. ते वर चढले, अर्ध्या वाटेवर पायरी हुकली, आणि खाली जे आलं तो आवाज नव्हता. पत्र्यावरून ओलं पोतं ओढावं तसं काहीतरी होतं. ट्रॅक मात्र थांबला नाही. तो त्यांना न घेताच पुढे गेला. बासरी वाजली, तबला वाजला, शब्द एकेक करून रंगत गेले, रिकामे.

वहिनींनी बंद केलं.

"मशीन चुकतंय," सम्राट म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या हातातला माइक काढून घेतला.

"नवीन आहे ना. पट्टी चढवून वाजवतंय. सांग त्या लॅपटॉपवाल्याला, परत घेऊन जा म्हणावं."

"मशीन बरोबर वाजवतंय," वहिनी म्हणाल्या. "जुनं मी चुकवत होते."

सम्राटांनी टीव्हीच्या कोपऱ्यातलं शून्य पाहिलं. मीटर तपासायची सवय; आकडा दिसला की ते वाकून, डोळे बारीक करून बघत. तसेच आत्ता वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

"कधीपासून?"

"तुम्हाला सर्दी झाली होती बघा. बँकवाल्या बाई पहिल्यांदा आल्या, त्या शनिवारी."

"तेव्हापासून?" ते सरळ झाले. "अगं, बाई तेव्हा काळ्याभोर होत्या! केस म्हणतोय मी."

"तेव्हा एकच दाबलं होतं."

"आणि आता?"

"सहा."

"सहा!" आकडा त्यांच्या घोगऱ्या आवाजात आणखीच मोठा वाटला. "म्हणजे मी जे गात होतो... लोक ज्या टाळ्या..."

"टाळ्या खऱ्या होत्या."

"पट्टी खोटी."

"पट्टी खोटी," वहिनी म्हणाल्या.

सम्राट खुर्चीकडे वळले आणि मध्येच थबकले. त्यांचा हात आपोआप पोटाकडे गेला. "एक मिनिट. आणखी काय काय केलंयस तू?"

वहिनी शिवणाच्या मशीनकडे पाहू लागल्या.

"पँटी?"

वहिनींनी मान डोलावली.

"सगळ्या?"

"ती राखाडी तेवढी नाही. ती तुम्हाला होतच नाही, म्हणून ट्रंकेत ठेवलीय."

सम्राट खुर्चीत बसले. फार जपून बसले, जणू कुठली टीप उसवेल याचा आता भरवसा नव्हता. बाहेर रस्त्यावर कोणीतरी मोटार चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होत नव्हती.

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर गायला असतात?"

"नसतो."

"म्हणून."

"मग आज कशाला सांगितलंस?" ते ओरडले. म्हणजे ओरडायला गेले. आवाज निघालाच नाही, नुसती मानेची शीर ताठ झाली. "इतकी वर्षं झाकलंस, आणखी चार वर्षं झाकायचं होतंस! कोणाचं काय बिघडत होतं?"

वहिनींना दंतवैद्य काय म्हणाले ते सांगता आलं असतं. त्यांनी ते सांगितलं नाही.

"थंडी गेली हो," त्या म्हणाल्या. "थंडी कधीच गेली."

सम्राट त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान फिरवली आणि पंचा उचलून पुन्हा गळ्याभोवती गुंडाळला. उन्हाळा तोंडावर आला होता.

"उद्या घशाच्या डॉक्टरकडे जाऊ," वहिनी म्हणाल्या.

"डॉक्टरकडे गेलं की काहीतरी सापडतं."

"सापडायलाच जायचंय."

*

घशाच्या डॉक्टर एक शांत बाई होत्या. त्यांनी सम्राटांना उंच खुर्चीत बसवलं, नाकात औषध फवारलं आणि एक काळी बारीक नळी आत सोडली. नळीच्या टोकाला कॅमेरा होता. भिंतीवर पडदा होता. सम्राटांनी आयुष्यभर लोकांच्या तळघरात आणि जिन्यांखाली वाकून, झाकणं उचलून मीटर पाहिले होते. हे झाकण आज पहिल्यांदा उघडलं.

पडदाभर गुलाबी, ओलं असं काही दिसलं. मध्ये दोन फिकट पट्ट्या.

"ई म्हणा."

सम्राटांनी म्हटलं.

"आता वर न्या. जेवढं जाईल तेवढं."

त्यांनी नेलं. फार गेलं नाही. पडद्यावर उजवी पट्टी थरथरत मिटली, उघडली. डावी हलली नाही. तिच्या कडेवर काहीतरी पांढुरकं, खडबडीत बसलं होतं, आणि बऱ्याच दिवसांपासून तिथे राहत असल्यासारखं निवांत दिसत होतं.

डॉक्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वहिनींना ते न बोलणं ओळखीचं वाटलं.

"आवाज कधीपासून बदललाय?"

नाकात नळी असलेल्या सम्राटांनी नुसते डोळे वहिनींकडे वळवले.

"बदलला हिवाळा लागताना," वहिनी म्हणाल्या. "यांना कळला काल."

डॉक्टरांनी मान वर केली. "असं कसं? मधले सगळे दिवस?"

"मध्ये मी होते."

डॉक्टरांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसरं लिहिलं नाही. नळी बाहेर काढली, सम्राटांच्या हातात कागदाचा रुमाल दिला आणि ठरलेल्या गोष्टी ठरलेल्या क्रमाने सांगितल्या. एक तुकडा काढावा लागेल. तो तपासायला पाठवावा लागेल. सोमवारी सकाळी उपाशीपोटी या. तोवर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण पडतो.

"आणि गाणं?" वहिनींनी विचारलं.

"तपासणी येऊ दे," डॉक्टर म्हणाल्या, आणि उगाचच टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात बाकं होती. आणखी एका चाचणीसाठी आत बोलावणार होते, म्हणून दोघं बसून राहिले. समोरच्या भिंतीवर माणसाच्या कानाचं मोठं चित्र होतं, आतल्या सगळ्या गल्ल्या दाखवणारं. सम्राट ते पाहत होते. त्यांना बोलायची बंदी होऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती, आणि एवढा वेळ ते जन्मात गप्प बसले नव्हते.

वहिनींचा फोन वाजला. लॅपटॉपवाला.

"बाई, आज गुरुवार. कोणतं ठेवताय?"

"पहिलं."

"आकडा दिसतो ते? पण तुम्हालाच तर तो नको होता!"

"दिसू दे," वहिनी म्हणाल्या आणि फोन पिशवीत ठेवला.

व्हरांड्याच्या टोकाला कोणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं. ती वळली तरी कुरकुर बराच वेळ ऐकू येत राहिली.

"अहो," वहिनी समोर बघतच म्हणाल्या. "मी जर हिवाळ्यातच बोलले असते... त्या पहिल्या वेळीच जर बटण..."

सम्राटांनी हात वर केला. कार्यक्रमात एखादं गाणं बिघडलं की ते असाच हात वर करून लॅपटॉप थांबवायला सांगत. वहिनी थांबल्या. सम्राटांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, किंवा नाकातल्या औषधाने तसं झालं असेल. त्यांनी बोटाने खूण केली : जवळ ये.

"बोलायचं नाही म्हणाल्यात ना त्या? कुजबुजायचंही नाही."

त्यांनी पुन्हा खूण केली. मग स्वतःच वहिनींचा दंड धरून त्यांना जवळ ओढलं. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. वहिनींनी डोळे मिटले आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"शनिवारी त्या दातवाल्याला," सम्राट म्हणाले, "दोनच गाणी दे."